वायफाय जोडलंय, पण नेट चालत नाही

दिवाळी झाली की आपल्या गेवराई तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. रात्री फडावरून आईचा व्हिडिओ कॉल यायची वेळ होते आणि नेमकं मोबाइलवर दिसतं, ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’. घरात एकच सल्ला: डब्याला हात लावू नका, माणूस बोलवा. माणूस येतो दोन दिवसांनी. लेकराला दोन दिवस थोडे नसतात. म्हणून आज हा विषय.

आधी राउटरकडं बघा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा तांबडा लागला असेल, तर बहुधा तार कुठंतरी तुटलीय किंवा निसटलीय. मग मोबाइलशी खटपट करू नका, सरळ तक्रार नोंदवा. दिवा ठीक आहे, घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर नेट चालतंय, आणि तुमच्याच मोबाइलवर नाही? मग पत्त्याचा घोळ असू शकतो.

राउटर घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला आकड्यांचा एक पत्ता देतो. त्यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. पुष्कळ घरांत तो १९२.१६८ नं सुरू होतो, शेवटचा आकडा मात्र ज्याचा त्याचा वेगळा. गल्ली एक, घर नंबर वेगळे, तसंच. दोघांना एकच नंबर पडला की पोस्टमन गोंधळणारच! लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला, तर समजा की राउटरकडून त्याला पत्ता मिळालाच नाही, त्यानं आपला आपणच घेतला.

आता उपाय. मोबाइलच्या सेटिंगमध्ये आपल्या वायफायच्या नावावर जा. तिथं आयपी सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’ असायला हवं. कुणी ‘स्टॅटिक’ करून हातानं आकडे भरले असतील, तर ते बदला. तरी जमलं नाही तर ‘नेटवर्क विसरा’ दाबून पुन्हा जोडा. पण त्याआधी पासवर्ड हाताशी ठेवा बरं. बदललेला नसेल तर तो बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. मग राउटरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, आणि दोन-तीन मिनिटं धीर धरा. बारीक भोकातलं रिसेटचं बटण मात्र टाचणीनं दाबू नका. त्यानं कंपनीनं भरलेली माहितीच पुसली जाते आणि चालू असलेलं नेटही बंद पडू शकतं.

आणखी एक. वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून हल्ली दुसरा राउटर आणून जोडतात. दोन्ही डबे पत्ते वाटायला लागले की एका घरात दोन कारभारी! जोडणाऱ्याला तिथंच विचारा, “दादा, दुसऱ्याचं डीएचसीपी बंद केलं का?” तो जरा चमकेल, पण बघेल नक्की.