सौर प्रकल्प आणि गावाचा शब्द

रात्रपाळीची वीज आली, की दिंडोरीतला शेतकरी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो, मनात बिबट्याची धास्ती. दिवसा वीज मिळावी म्हणून ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ आली. सौर प्रकल्पासाठी दिलेल्या खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. पण जागा गायरानाची असेल, तर गुरं चारायची कुठं?

असे प्रश्न म्हणजे विकासाला विरोध नव्हे. वुस्टेनहागेन, वोल्सिंक आणि ब्यूरर या संशोधकांचा अक्षय ऊर्जेच्या स्वीकारावरचा 2007 चा शोधनिबंध हेच सांगतो: निर्णय कसा झाला, लाभ कुणाला आणि विश्वास किती, यावर गावाची संमती ठरते.

विश्वास कसा तुटतो, हे पाहायला समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांचं काम उपयोगी पडतं. त्यांनी इंग्लंडमधल्या कंब्रियातले मेंढपाळ अभ्यासले. 1986 च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर शास्त्रज्ञ म्हणाले, किरणोत्सर्गामुळे मेंढ्यांवर घातलेले निर्बंध तीन आठवड्यांत उठतील. तिथल्या मातीचा हिशेब चुकला, मेंढपाळांना कुणी विचारलं नाही. काही शेतांवरचे निर्बंध 2012 पर्यंत राहिले!

याउलट उदाहरण आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, वाटप शेतकऱ्यांनीच करायचं. इथं तज्ज्ञ आणि शेतकरी एकाच बांधावर बसले, म्हणून ही व्यवस्था टिकली. सौर ऊर्जेलाही हीच रीत लावायला हवी.

तुमच्या ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा विषय आला, तर जरूर जा. नकाशा मागा, गट नंबर बघा, चराईचं आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं विचारा, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.