पडीक जमिनीचा पक्षी

सोलापुराहून बार्शीकडे निघालें म्हणजे वाटेंत नान्नज लागतें. तेथील माळरान पाहून शहरांतला पाहुणा सहज म्हणतो, “येथें तर कांहींच नाहीं!” सरकारी दप्तरांतहि अशा जमिनीस पडीक म्हणण्याची वहिवाट आहे. हाच शब्द माळढोकाच्या मुळावर आला, असें मला वाटतें.

माळढोक हा सुमारें 1 मीटर उंचीचा पक्षी. नराचें वजन कधीं कधीं 15 किलोपर्यंत भरतें. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड थोडेच. मादी बहुधा एकच अंडें घालते, आणि तेंहि उघड्या जमिनीवर. शत्रु दुरून दिसावा म्हणून तिला आंखूड गवताचें मोकळें रान लागतें. आपणांस जें ओसाड दिसतें, तेंच तिचें घर.

बंदुकीनें पूर्वीं पुष्कळ संहार केला, हें खरें. 1972 च्या कायद्यानें शिकारीस बंदी झाली. पण नांगराला कोण बंदी करणार? कालव्याचें पाणी आलें आणि ज्वारीच्या जागीं ऊंस उभा राहिला. ज्वारीच्या शेतांत माळढोक फिरत असे. उंसाच्या दाट फडांत त्याला दिसणार काय? वनीकरणाच्या हौसेनें माळावर झाडेंहि लावलीं गेलीं. वृक्षारोपण पुण्यकर्म खरें, परंतु या पक्ष्याला तें बाधलें.

1979 सालीं सोलापूर व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारें 8,500 चौरस किलोमीटर मुलूख अभयारण्य ठरला. त्यांत गांवें आलीं, शेतें आलीं. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडल्यानें शेतकरी त्रासला, आणि त्याचा राग पक्ष्यावर निघाला. त्याला दोष देणें मला जमत नाहीं. पुढें हें क्षेत्र सुमारें 1,200 चौरस किलोमीटरांवर आणलें. नान्नजला माळढोक आतां दिसलाच तर एकटा-दुकटा.

उरलेले बहुतेक राजस्थानांत आहेत. सारे मिळून दीडशेच्या आसपास. तेथेंहि माळ ‘रिकामा’ ठरला, आणि त्यावर पवनचक्क्या व विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाहीं, आणि जड देह चटकन् वळवितां येत नाहीं. 2021 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तारा जमिनीखालीं घेण्यास सांगितलें; 2024 मध्यें तो आदेश पुष्कळसा सैल झाला.

2019 पासून जैसलमेरकडे रानांतलीं अंडीं आणून, उबवून पिलें वाढवितात. पिलें जगतात. त्यांना सोडण्यासाठीं तारा नसलेला माळ मात्र शोधावा लागतो.