समारंभ केवढा, हातचलाखी कोणती?

कारंजा लाड हें वेशींचें गांव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस हीं नांवें आजहि तेथील लोकांच्या तोंडीं आहेत. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दूरदूरचे यात्रेकरू येथें येतात. त्यामुळें पाहुण्यांचें आदरातिथ्य या गांवाला नवें नाहीं. अशा गांवीं घरांत कार्य निघालें म्हणजे जेवणाखाण्याबरोबर करमणुकीचाहि विचार होतो, आणि कोणी तरी सुचवितो, "एखादा जादूगार बोलवावा." यजमान दिवस ठरवितो, बिदागी ठरवितो; परंतु पाहुणे किती येणार आणि ते बसणार कसे, हें मात्र जादूगाराला सांगावयाचें राहून जातें. फजितीचें मूळ बहुधा येथेंच असतें.

जादू हा शब्द एक असला, तरी तिच्या जाती निरनिराळ्या आहेत. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) किंवा पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांचे प्रयोग रंगमंचावरचे. तेथें पडदा, दिवे व मोठमोठ्या पेट्या असतात, आणि प्रेक्षक दूर बसतो हेंच सोयीचें असतें. हातचलाखीचें याच्या उलट आहे. पत्ते, नाणीं, वाट्या आणि गोळ्या एवढेंच तिचें साहित्य. आणि पाहणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर ती घडते. स्वतःच्या मुठींत घट्ट धरलेलें नाणें मूठ उघडतां नाहींसें झालेलें दिसतें, तेव्हां होणारें आश्चर्य दहा हात दूर बसलेल्याला कसें मिळावें? त्याला नाणेंच दिसत नाहीं.

ही कला फार जुनी आहे. वाट्यांखालील खडे नाहींसे करणाऱ्यांचा उल्लेख पहिल्या शतकांतील रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें केला आहे. आपल्याकडील गारुडी लांकडी वाट्या व चिंधीच्या गोळ्या घेऊन हाच खेळ बाजारांत करीत असे. तो जमिनीवर बसे, पुढचे लोक उकिडवे बसत, मागचे उभे राहत. म्हणून गराडा पडला तरी बहुतेकांना दिसे. प्रेक्षकांची मांडणी हा खेळाचाच भाग आहे, हें त्या अशिक्षित कलावंताला पक्कें ठाऊक होतें.

आतां समजा, कारंज्यांतील एका घरीं बारसें आहे आणि पंचवीस माणसें जमणार आहेत. हातचलाखीला याहून चांगली बैठक नाहीं. मुलें पुढें सतरंजीवर, वडीलधारीं मागें खुर्च्यांवर, मध्यें एक बुटकें मेज, आणि वीस-पंचवीस मिनिटांचा एकच खेळ. जादूगाराच्या पाठीशीं भिंत असावी; कारण कित्येक खेळांचें मर्म मागून दिसतें. उजेड त्याच्या हातांवर पडावा.

त्याच घरीं साखरपुड्याला ऐंशी पाहुणे आले, तर दोन मार्ग आहेत. एक तर खेळ थोडे मोठे निवडावे: दोरी, रुमाल, एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या कड्या, हे शेवटच्या रांगेंतूनहि दिसतात. नाहीं तर जादूगारानें एका जागीं न थांबतां घोळक्याघोळक्यांत फिरावें. येथें साधें त्रैराशिक मांडावें. एका घोळक्यांत आठ-दहा माणसें आणि सहा-सात मिनिटें धरलीं, तर तासाभरांत सुमारें आठ घोळके, म्हणजे ऐंशीच्या आसपास पाहुणे होतात. एक माणूस व एक तास, हिशेब बरोबर जुळतो.

पुढें लग्नाला सहाशें माणसें आलीं, तर हाच हिशेब आठ तासांवर जातो. तेव्हां एकाच कलावंताला व्यासपीठावर उभें करून हातांत पत्ते देणें हा पैशाचा अपव्यय आणि त्या बिचाऱ्याची विटंबना होय. चार जण दोन तास फिरवावे. तें परवडत नसेल, तर रंगमंचावरील जादू निवडावी, किंवा एकालाच पंगतीची वाट पाहत थांबलेल्यांकडे पाठवावें. पहिली पंगत उठेपर्यंत मुलें कंटाळतात व म्हातारीं माणसें ताटकळतात. चालू पंगतींत मात्र जादू नको; जेवणाऱ्याचा हात मोकळा नसतो. मुहूर्ताच्या वेळीं व वाजंत्री चालू असतांनाहि नको. वऱ्हाडांतील वैशाखांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे कूलरचा वारा. त्यापुढें पत्ते टिकत नाहींत आणि आवाजहि ऐकूं येत नाहीं.

संख्येइतकेंच महत्त्व मर्यादेला आहे. कोणाच्या अंगावरचा दागिना मागून घेऊं नये. वृद्धाच्या टोपीला हात लावूं नये. नव्या सुनेला पुढें बोलावून हंशा पिकवूं नये. पाहुणा चकित व्हावा, खजील होऊं नये. सापामुंगसाचा खेळ सांगूं नये. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७२ पासून आहे. तसेंच, ही हातांची करामत आहे, सिद्धि नव्हे, असें जादूगारानें आरंभींच सांगावें. चमत्काराच्या नांवाखालीं लोकांना फसविणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. खरें सांगितल्यानें गंमत कमी होत नाहीं. उलट जो जाणून फसतो तोच मनापासून हंसतो.

शेवटीं यजमानानें एकच कसोटी लावावी. घरांतील आजी, जिला दूरचें दिसत नाहीं आणि जी गर्दींत पुढें येत नाहीं, तिच्यापर्यंत हा खेळ पोंचेल काय? मांडवांत सहाशें माणसांनीं टाळ्या वाजविल्या आणि ती माजघरांतच बसून राहिली, तर समारंभ मोठा झाला, पण आतिथ्य उणें पडलें. याउलट जादूगार पांच मिनिटें तिच्याजवळ बसला, तिच्या सुरकुतलेल्या मुठींत एक गोळी ठेवली आणि मूठ उघडतां दोन निघाल्या, तर कार्यांतील बाकी सर्व विसरलें, तरी तेवढें ती नातवंडांना पुनःपुन्हां सांगत राहील.