पाच रुपयांचा पुडा आणि आपली ज्वारी

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा भाव सोडून हा माणूस आज बिस्किटाच्या पुड्यावर काय बोलतो, असे तुम्हाला वाटेल. पण हा विषयही हिशेबाचाच आहे.

नांदेडच्या एका वस्तीत आपल्याच भागातून गेलेली एक बाई भेटली. गावाकडे दोन एकर कोरडवाहू पडीक. नवरा हमाली करतो, ही चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "दादा, भाकर करायची तर ज्वारी इकत घ्या, निवडा, दळून आणा, मग चुलीपुढं बसा. सकाळी सहाला घर सोडावं लागतंय. चहासंगं बिस्किटं खाते, दुपारी पाच रुपयाचा पुडा फोडते. आता पुडा नसला की कामात जीव लागत नाही. लेकरांपासून लपवून खाते, त्याची लाज वाटते."

ही लाज तिची नाही. लाह्या, लोणचे, घाण्याचे तेल ही पण प्रक्रियाच. ती आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो. पुड्यातला माल निराळा. मैदा किंवा मक्याचे पीठ, पामतेल, साखर, मीठ आणि वासाचवीची रसायने यांचा मेळ असा घालतात की चावायला वेळ लागत नाही आणि पोट भरल्याची खबर डोक्याला पोचायच्या आत हात पुन्हा पुड्यात जातो. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो या डॉक्टरांनी २००९ मध्ये अशा पदार्थांचा वेगळा वर्ग मांडला. २०१९ मध्ये अमेरिकेत वीस माणसांना दोन आठवडे असे आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळा हवे तेवढे खायची मुभा. तयार अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊ लागली. वैद्यकशास्त्राने 'अन्नाचे व्यसन' हा रोग म्हणून अजून मान्य केलेला नाही. पण ३६ देशांतल्या २८१ अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये निघाला, त्यात शंभरातल्या चौदा प्रौढांत व्यसनाची लक्षणे दिसली.

आता आपला हिशेब बघा. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या शंभर रुपये खर्चातले पाच रुपयेही धान्यावर जात नाहीत. चहा-शीतपेये, हॉटेलचे खाणे आणि तयार पदार्थ यांवर मात्र साडेनऊच्या वर जातात. आणि २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायांपैकी चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी. त्याच पाहणीत तेवीस जणींचे वजन प्रमाणापेक्षा जास्त. पोट भरते, अंग भरते, रक्त भरत नाही.

भाकर ताटातून गेली कशी? त्यात माझाही हात आहे. शेतीची पदवी घेऊन मी बांधाबांधावर सोयाबीन सांगत फिरलो. ज्वारीला भाव नव्हता, कापणी-मळणीला मजूर नव्हता, तुमचे काही चुकले नाही. पण सरकारने रेशनवर गहू-तांदूळ ठेवला, २०२३ पासून तो फुकट केला. ज्वारी बहुतेक वेळा विकत घ्यायची ती बाजारातून. म्हणजे पिकवणाऱ्याला परवडेना आणि खाणारीलाही परवडेना. त्या मोकळ्या जागेत पुडा येऊन बसला.

मग पुड्यावर बंदी मागायची का? नाही. आपल्या मालावरची बंधने उठवा म्हणणारे आपण दुसऱ्याच्या मालावर बंदी मागणार नाही. पण बाजार खुला म्हणजे माहिती झाकलेली नव्हे. चिली देशाने २०१६ पासून जास्त साखरेच्या, जास्त मिठाच्या पाकिटावर काळा शिक्का सक्तीचा केला. अडाणी आईलाही तो कळतो. तसाच ठळक शिक्का आपल्याकडे पाहिजे, ही पहिली मागणी.

दुसरी, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. मराठवाड्यातली ज्वारी घामाचे दाम देऊन खरेदी करा आणि मराठवाड्यातल्याच रेशनवर द्या.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. परभणीच्या विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे लोह-जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये आले. दहा तासे का होईना, घरच्यासाठी पेरा. शहरात गेलेल्या लेकीबहिणीला पायलीभर पोचवा. वस्तीतल्या बाया गटाने दळण आणि भाकरी करून विकू लागल्या, तर त्यांच्याकडे ज्वारी थेट द्या, मधला दलाल नको. प्रवासाला, कामाला धपाटे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ बांधून द्या.

आणि पुरुषांना एक सांगतो. बाईने भाकर थापावी असे वाटत असेल, तर दळण तुम्ही आणा, पाणी तुम्ही भरा. तिच्या वेळेचा हिशेब धरला नाही, तर पुडा जिंकणारच.

गावी गेल्यावर एवढे करा. घरात आठवड्याला किती पुडे फुटले ते मोजा, पैसे मांडा, आणि पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या. भावाची लढाई आपण आकड्यांवरच लढत आलो. ही पण तशीच लढू.