शुद्ध गणिताची वाट

शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीवाल्यांच्या घरी गणितात हुशार मुलगा अभियंताच होणार, असे गृहीत धरले जाते. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर मात्र १९५७ मध्ये बनारसला बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. वडीलच गणिताचे प्राध्यापक. ते भाग्य सर्वांना कोठले!

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये. शिकविणारे स्वतः संशोधन करतात काय, हे विचारावे. २००६ साली स्थापन झालेली आयसर पुण्यातच आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित-भौतिकशास्त्राची तीन वर्षांची पदवी मिळते. दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असून, अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावे लागतात. निकालानंतर धावपळ करणाऱ्या पालकांना हे फार उशिरा कळते.