काठावरचा दोर



ज्यांच्या स्मृतीस वंदन करण्यासाठी आपण जमलो आहोत, त्या गुरुजींना पोहता येत नव्हते, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९६१ च्या उन्हाळ्यात बेळगावनजीकच्या मळ्यातील विहिरीत, कमरेला वाळके भोपळे बांधून, आम्ही मुले आपापलीच पोहायला शिकत होतो. आदल्या वर्षी त्याच विहिरीत आमचा एक वर्गमित्र बुडाला होता. म्हणून गुरुजी रोज काठावर दोर घेऊन बसत.

एके दिवशी माझे भोपळे सुटले. घाबरून मी मान वर ताणली, तसे पाय खाली गेले. नाकातोंडात पाणी शिरले. दोर शेजारी पडला आणि वर्गात आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकवणारा तोच आवाज आला, ‘मान मागे टाक, छातीत हवा भर!’ तसे करताच पाण्याने मला उचलून धरले. दोर हाताशी होता. तो धरावा लागला नाही.

पुढे आयुष्यभर मी मराठी शिकवली. विद्यार्थ्याचे वाक्य आपणच पुरे करण्याचा मोह झाला की तो दोर आठवे. पोहणे ज्याचे त्यानेच शिकावे, हे खरे. परंतु काठावर कोणीच नसेल, तर त्यास स्वावलंबन म्हणू नये. ती आपली, वडीलधाऱ्यांची, हयगय होय.