मिटिंग कुठली धरायची?

आम्ही जांब समर्थच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली निवडून आली की दुकान बंद होतं. पण ज्याच्या अंगात व्यसन मुरलंय त्याची तलफ काही बंद होत नाही, तो शेजारच्या गावाला जातो. म्हणून आज त्या माणसाबद्दल, आणि त्याच्यासाठी मिटिंग कशी शोधायची याबद्दल बोलू.

आपल्याकडं रामापुढं शपथ घ्यायची रीत आहे. कुणी माळ घालतो. माळ टिकलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. नीट बघा, त्यांच्यामागं भजनाची, दिंडीची संगत असते. एकट्यानं घेतलेली शपथ पोळ्याच्या सणाला मोडते.

दारूतून उठलेल्या माणसांची अशीच एक संगत आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. थोडक्यात एए. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून ती सुरू झाली. आता ती आपल्या महाराष्ट्रातही आहे. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. देव कुठला मानायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माणूस नुसतं पहिलं नाव सांगतो, आपली हकिकत बोलतो, बाकीचे ऐकतात. मधे कुणी उपदेश करत नाही. आपल्या घरात नेमकं उलटं चालतं, सगळे उपदेश करतात आणि ऐकत कुणीच नाही!

मिटिंगही दोन तऱ्हेची. बंद मिटिंगला फक्त पिणारे बसतात. खुल्या मिटिंगला घरचेही जाऊ शकतात. पहिल्यांदा सोबत जायचं असेल तर खुली कधी असते ते विचारून घ्या, नाहीतर दारातून परत यावं लागेल.

आता चांगली मिटिंग ओळखायची कशी? आमचं मत असं, की जिथं तो दुसऱ्यांदा आपणहून जाईल ती चांगली. कुणाला जवळची नको वाटते, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून. त्याला लांबची बरी. कुणाला एसटीच्या वेळेत बसणारीच जमते. कुणाला शहरी बोलणं परकं वाटतं, आपल्यासारखी शेतीतली माणसं हवी असतात. एका मिटिंगला मन लागलं नाही म्हणून सगळंच सोडू नये, दुसरी बघावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर सहा महिने सगळंच तुटतं. त्यांच्यासाठी मोबाईलवर भरणाऱ्या मिटिंगा आहेत. आणि पिणारी बाई असेल तर बायांची वेगळी मिटिंग आहे का, हे आधी विचारा. पुरुषांच्या घोळक्यात ती तोंड उघडणार नाही. जिथं कुणी पैसे मागेल, औषध विकेल, तिथून मात्र उठून या.

औषधाचं निघालंच आहे तर ऐका. चहातून, भाजीतून चोरून औषध घालू नका. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेततं. तसंच, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की हातपाय कापतात, झटके येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होतात. त्याला खोलीत कोंडायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. आधी डॉक्टर, मग मिटिंग. पुण्याचं मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलं. तिथं माणसाला दाखल करून घेतात. आणि घरी परतल्यावरही संपर्क तुटू नये यावर त्यांचा भर असतो. खरी कसोटी घरी आल्यावरच लागते.

आता आपलं. तो मिटिंगला जायला तयार नाही, मग आपण काय वाट बघत बसायचं? एएमधल्या पुरुषांच्या बायका पूर्वी नवऱ्यासोबत जायच्या आणि बाहेर बसून एकमेकींशी बोलायच्या. त्यातूनच 1951 साली घरच्यांची वेगळी संघटना निघाली, अल-ॲनॉन. तो पीत असला तरी आपण तिथं जाऊ शकतो. तिथं नव्या बाईला सांगतात, निदान सहा मिटिंगा कर, मग ठरव. सहा म्हणजे काही फार नाहीत. आणि तिथं पहिल्यांदा कळतं, की त्याची दारू आपल्यामुळं लागली नाही आणि आपल्या रडण्या-भांडण्यानं ती सुटणारही नाही. सासूबाई काही म्हणोत. पण तो मारत असेल तर मिटिंगची वाट बघू नका, 112 ला फोन लावा.

पत्ता शोधायला 14446 हा सरकारचा नशामुक्तीचा नंबर आहे, फुकट लागतो. जवळची मिटिंग कुठं, कुठल्या वारी, खुली की बंद, सगळं एकदाच विचारून वहीत लिहून घ्या. आशाताईंनाही विचारा, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागातही चौकशी करा.

आमच्या गटात ठरलंय, पहिल्यांदा कुणीही एकटी जाणार नाही, दोघी जायच्या. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढं गटातून देता येतं. फोन कुणाच्या मोबाईलवरून लावायचा हेही आधी ठरवा, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये नंबर उरायला नको.